मिरी: एका वर्किंग स्प्रिंगरच्या पिल्लाची पहिली दोन वर्षं

मिरी म्हणजे इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल, वर्किंग लाइनची (म्हणजे शोसाठी नाही, शिकारीच्या कामासाठी जोपासलेल्या वंशाची), मादी, काळी-पांढरी. राहते इंग्लंडात श्रॉपशरमध्ये, लडलोजवळच्या एका खेड्यात, आणि तिची माणसं म्हणजे मूळचं कोल्हापूरकडचं एक कुटुंब, नवरा-बायको आणि दहा वर्षांचा मुलगा. त्यांना मी दादा-वहिनी म्हणते, ते मला ताई म्हणतात. मी याच भागात बरीच वर्षं पिकिंग-अपला जाते, म्हणजे शूटच्या (पक्ष्यांच्या शिकारीच्या) दिवशी मागे थांबून पडलेले पक्षी कुत्र्याकडून शोधून आणायचं काम, आणि बाकीच्या दिवसांत एका गनडॉग (शिकारीत मदत करणाऱ्या कुत्र्यांच्या) क्लासला मदत करते, तिथेच हे प्रकरण माझ्याकडे आलं. मिरी तेव्हा सात महिन्यांची होती आणि तक्रार एका वाक्याची होती, "ताई, ही घरात सोन्यासारखी आहे हो, बाहेर पडली की आम्ही कोण हेच विसरते."

सविस्तर लिहितेय कारण स्पॅनियल पाळणारी मराठी घरं इथेही आहेत आणि तिकडे पुण्या-ठाण्यात तर कॉकर कितीतरी आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांचं दुखणं हेच असतं. माझं ठाम मत आहे की स्पॅनियलला शोधायला शिकवावं लागत नाही, ते रक्तातच असतं. आपल्या हातात फक्त दोन गोष्टी असतात, एक म्हणजे तिने आपल्याकडे बघणं आणि दुसरी म्हणजे समोर काहीही घडलं तरी गप्प बसून राहणं. या दोन्ही गोष्टी पिल्लूपणी लावल्या नाहीत तर बाकी सगळं तिचं ती शिकते, आणि आपल्याला नको ते शिकते.

आधी ही कुत्री काय कामाची ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्पॅनियलने बंदूकवाल्याच्या पुढे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झाडी धुंडाळायची, लपलेला पक्षी किंवा ससा वास काढून उठवायचा, आणि तो उठला की त्याच क्षणी खाली बसायचं. मग बार होतो, पक्षी पडतो, तरी बसूनच राहायचं, नाव घेतलं की मगच जाऊन तो अलगद तोंडात धरून आणायचा आणि हातात द्यायचा. शॉटगनचा पल्ला साधारण ३५-४० यार्ड, म्हणून कुत्रीने माणसापासून २०-२५ यार्डांच्या आत काम करायचं, त्याच्या पलीकडे उठवलेला पक्षी कोणाच्याच उपयोगाचा नाही. आणि बसायचं का, तर पक्षी खालून उडत असेल आणि कुत्री त्याच्या मागे पळत असेल तर छर्रे तिलाच लागायचे, शिवाय पळताना ती पुढचे न उठलेले पक्षीही उधळून लावते. म्हणजे बसणं हा तिच्या जिवाचा प्रश्न आहे, शोभेची शिस्त नाही.

पूर्वी कॉकर आणि स्प्रिंगर एकाच वेतात जन्मायचे, २५ पौंडांच्या आत वजन असलेला तो कॉकर, त्याच्या वरचा तो स्प्रिंगर, एवढाच फरक. १८९९ साली डर्बीशरमध्ये सटन स्कार्सडेलला स्पॅनियलची पहिली फील्ड ट्रायल, म्हणजे रानातल्या कामाची स्पर्धा, झाली, १९०२ साली केनेल क्लबने स्प्रिंगर ही वेगळी जात म्हणून मानली, आणि तेव्हापासून कामाची रेघ आणि शोची रेघ एकमेकींपासून लांबच होत गेली. आज दोन्ही शेजारी उभे केले तर लोक विचारतात ही एकच जात आहे का. कामाच्या रेघेत पिढ्यान्‌पिढ्या वेग, नाक आणि कामाची भूक बघूनच जोड्या लावल्यात. दादांनी मिरी घेतली तेव्हा तिच्या वंशावळीच्या कागदावर लाल अक्षरांत लिहिलेली बरीच नावं होती, लाल म्हणजे फील्ड ट्रायल चॅम्पियन, आणि दादा खूश. मला विचारलं असतं तर मी पहिल्यांदा कुत्रं घेणाऱ्या घरासाठी थोडं कमी लाल असलेलं पिल्लू बघा म्हटलं असतं, कारण इतकं तेज रक्त सांभाळायला हात सरावलेला लागतो. पण पिल्लू घरात आल्यावर या बोलण्याला अर्थ नसतो.

बाकी घेताना त्यांनी सगळं नीट केलं होतं, तेही सांगायला हवं. आईला बघितलं, ती शांत आणि माणसाळलेली आहे का ते पारखलं, दोन्ही आईबापांच्या डोळ्यांची तपासणी, फ्युकोसिडोसिस आणि पीएफके या स्प्रिंगरमधल्या आनुवंशिक आजारांच्या टेस्ट बघितल्या, आणि मायक्रोचिप आठ आठवड्यांच्या आत बसवलेली होती, तो इथे २०१६ पासून कायदाच आहे. शेपूट थोडं कापलेलं होतं. इंग्लंडात २००७ पासून शेपूट कापायला बंदी आहे, फक्त कामाच्या कुत्र्यांना सूट, तीही जन्मल्यापासून पाच दिवसांच्या आत आणि व्हेटनेच कापायचं, सोबत सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट होतं.

मार्चचा जन्म, मे महिन्यात आठ आठवड्यांची मिरी घरी आली. आता इथून पुढचे चार-सहा आठवडे सगळ्यात महत्त्वाचे. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यातून हे स्पष्ट झालं की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं, या काळात जे बघितलं ते "आपलं", जे बघितलंच नाही त्याची पुढे भीती. हे वहिनींनी वाचलेलं होतं आणि मनापासून केलंही. लसींचा कोर्स पूर्ण व्हायच्या आधी पिल्लू जमिनीवर ठेवायचं नाही, पार्व्हो या जीवघेण्या आजाराची भीती असते, म्हणून कापडी झोळीत घालून त्या तिला लडलोच्या बाजारात न्यायच्या, क्रेव्हन आर्म्सच्या स्टेशनवर गाड्या बघायला न्यायच्या, ट्रॅक्टर, घोडे, शाळा सुटतानाचा गोंगाट, सगळं. यात काहीच चूक नाही. चूक पुढच्या पायरीत होती, आणि ती जवळजवळ सगळेच करतात.

बाजारात प्रत्येकाने तिला हात लावला. प्रत्येकाने "अगंबाई किती गोड" केलं, काहींनी बिस्कीट दिलं. मग लसी पूर्ण झाल्यावर गावातला एक पपी क्लास लावला, तिथे शेवटची पंधरा-वीस मिनिटं सगळी पिल्लं मोकळी सोडायचे, खेळू दे म्हणून. मग रोज संध्याकाळी हिरवळीवर दुसऱ्या कुत्र्यांबरोबर तासभर धुडगूस. चार महिन्यांची होईपर्यंत मिरीच्या डोक्यात पक्कं बसलं की मजा ही नेहमी पलीकडे असते, माणसांकडे, कुत्र्यांकडे, कुठेतरी तिकडे, आणि दोरीच्या या टोकाला जी बाई उभी आहे ती फक्त मजा संपवून घरी घेऊन जाते.

सोशलायझेशनचा अर्थ सगळ्यांना भेटवणं असा घेतला जातो, तिथेच गडबड होते. कामाच्या कुत्रीला लोकांबद्दल, कुत्र्यांबद्दल, मेंढ्यांबद्दल काही वाटायलाच नको, भीतीही नको आणि ओढही नको. बाजारात न्यायचं ते बाकावर बसून तासभर बघायला, कोणी हात लावायला आलं तर हसून "नको हं, शिकतेय ती" म्हणायचं. इथले इंग्रज म्हातारे-म्हाताऱ्या याचं अजिबात वाईट वाटून घेत नाहीत, उलट कौतुकाने थांबून विचारतात कुठली ट्रेनिंग चाललीय. आपल्याच लोकांना नाही म्हणायला वहिनींना जड गेलं, घरी पाहुणे आले की पहिली मिरी सगळ्यांच्या मांडीवर.

दुसरी गोष्ट बॉलची. दादांनी लांब दांडीचा बॉल थ्रोअर आणला होता, स्प्रिंगर आहे, पळवून दमवायला पाहिजे म्हणून रोज वीस-वीस वेळा बॉल फेकायचे. बॉल सुटला की ही सुटली, दर वेळी. म्हणजे काहीतरी हललं की पळायचं, हा धडा रोज वीस वेळा. आणि दमायचं तर नावच नाही, आठवड्याभरात त्याच वीस फेकींनी तिचा दम वाढला आणि आता चाळीस लागायला लागल्या. तिसरी गोष्ट मोज्यांची. मुलगा शाळेतून आला की मिरी त्याचा मोजा पळवायची आणि तो घरभर तिच्या मागे, दोघंही खिदळतायत, बघायला इतकं छान की कोणालाही थांबवावंसं वाटलं नाही. पण त्यातून तिने हे शिकून घेतलं की तोंडात काही असलं की माणसापासून लांब पळायचं असतं, आणि आणून देणाऱ्या कुत्रीसाठी याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

मे ते जुलै हे फारसं जाणवलं नाही. लाँग मिंडच्या डोंगरावर फिरायला जायचे तिथे १ मार्च ते ३१ जुलै कुत्रं आखूड दोरीवरच ठेवावं लागतं, मोकळ्या माळावर जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात म्हणून, आणि मेंढ्या तर बारा महिने. त्यामुळे दोरी होती. ऑगस्टमध्ये सोडायला लागले तेव्हा पाच महिन्यांचं पिल्लू, अजून पायाशीच घोटाळणारं. दादांना वाटलं जमलं सगळं. मग सप्टेंबर गेला, ऑक्टोबर आला, इथे फेझंटचा (रानकोंबड्यासारख्या शिकारीच्या पक्ष्याचा) सीझन १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि उन्हाळ्यात सोडलेले पक्षी तोपर्यंत आजूबाजूच्या सगळ्या कुंपणांत, मक्याच्या पट्ट्यांत, ब्रॅम्बलच्या काटेरी जाळ्यांत पसरलेले असतात. आणि नेमकं तेव्हाच मिरीचं नाक उघडलं. घरामागच्या गाडीवाटेला एका झुडपातून फेझंटचा कोंबडा उठला, ती त्याच्या मागे, दोन शेतं ओलांडून दिसेनाशी, दादा शिट्टी फुंकफुंकून लालबुंद. अर्ध्या तासाने आली, जीभ लोंबतेय, तोंडावर जगातला सगळा आनंद. त्या दोन शेतांपैकी एकात मेंढ्या होत्या. त्यांच्याकडे तिने बघितलंही नाही हे नशीब, कारण १९५३ च्या कायद्याने मेंढ्यांना त्रास देणाऱ्या कुत्र्याचा मालक गुन्हेगार ठरतो आणि काही परिस्थितीत शेतकऱ्याने कुत्रं गोळी घालून मारलं तरी कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ते माझ्याकडे आले.

मी पहिल्यांदा काहीच करायला सांगितलं नाही, कापलेल्या गवताच्या एका रिकाम्या शेतात तिला दहा मीटरच्या दोरीवर सोडलं आणि म्हटलं, दादा तुम्ही नुसते उभे राहा, हाक मारू नका. बराच वेळ ती टोकाला ओढ लावून उभी, नाक वाऱ्यावर, एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी वहिनींना म्हटलं, हे बघा, हे आपलं दुखणं. शिट्टी, बस, ये, हे सगळं तिला माहिती आहे, घरात करून दाखवते ना, मग ती मूर्ख नाही आणि हट्टीही नाही. तिच्या हिशेबात तुम्ही दोघं या शेतात नाहीच आहात. आणि शिट्टीचं तर पुण्यातल्या हॉर्नसारखं झालंय, इतकी वाजते की कोणाचं लक्षच जात नाही.

क्लासला एक म्हातारे कीपर, म्हणजे शूटचं रान आणि पक्षी सांभाळणारे, येतात, आयुष्यभर स्पॅनियल वाढवलेले, त्यांनी तिला दोन मिनिटं पाहिलं आणि दादांना एवढंच म्हणाले की कुत्री फार चांगली आहे, तुमच्या मानाने जरा जास्तच चांगली आहे, तेव्हा आता तुम्हाला तिच्यापेक्षा हुशार व्हावं लागेल. दादांना ते लागलं. पण कामाला लागले.

पहिलं म्हणजे मोकळं सोडणं पूर्ण बंद. जितक्या वेळा पाठलाग तितका तो पक्का, कारण पाठलाग हेच त्याचं बक्षीस असतं, आपल्या खिशातलं कुठलंही बिस्कीट त्यापुढे फिकं. त्यामुळे जोपर्यंत बसणं पक्कं नाही तोपर्यंत जिथे पक्षी आहेत तिथे जायचंच नाही. बॉल थ्रोअर गॅरेजमध्ये. कुत्र्यांशी धुडगूस बंद, त्याऐवजी माझ्या म्हाताऱ्या कॉकरबरोबर शेजारी शेजारी दोरीवर चालणं, एकमेकांकडे न बघता. वहिनींना हे क्रूर वाटलं, म्हणाल्या, "ताई, लहान आहे हो ती, खेळायचं वय आहे." मी म्हटलं खेळू दे ना, खूप खेळू दे, फक्त तुमच्याशी. आणि मग रोजचं अर्धं जेवण वाडग्यातून बंद करून हातातून द्यायला लावलं, बाहेर, दोरीवर. ती आपणहून मागे वळून बघेल त्या क्षणी "हां!" आणि घास पायाशी. हाक मारून नाही, वाट बघून. पहिल्या दिवशी वाट बघताना दादांचा जीव गेला, पण दोन आठवड्यांत ती चार पावलं गेली की मागे बघायला लागली, आणि माझ्यासाठी प्रकरण तिथेच अर्धं सुटलं होतं.

मग शिट्टी. जुनी शिट्टी टाकून दिली कारण तिच्यात न ऐकण्याची सवय साठली होती. नवी घेतली ती अ‍ॅक्मेची २१०½, स्पॅनियलवाले बहुतेक हीच वापरतात, तिचा सूर दरवेळी तोच असतो आणि हरवली तर तशीच दुसरी मिळते. कंपनी बर्मिंगहॅमची, १८७० पासूनची. एक लांब फुंक म्हणजे बस, दोन तोकड्या म्हणजे वळ, तीन-चार भराभर म्हणजे ये. सुरुवात जेवणाच्या वाडग्यापासून, लांब फुंक, बसली, मग वाडगा खाली. मग दारात, मग बागेत, मग चालता चालता. मी एकच नियम लावून धरला, जिथे ती ऐकणार नाही असं वाटतंय तिथे शिट्टी वाजवायचीच नाही, चालत जाऊन दोरी धरायची. आणि बसण्यासाठी तोंडाने इथल्या जुन्या पद्धतीचा "हप" हाच शब्द ठेवला, कारण घरात सगळे येता-जाता मराठीत "बस गं, बस" करत होते आणि त्या "बस"ला काही अर्थ उरलेला नव्हता.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही दिला तो स्थिर बसण्याला. मिरी बसलेली, दादा तिच्यासमोर उभे, टेनिस बॉल मागे टाकतात, ती हलली तर पुढे होऊन तिला परत जागेवर, न हलली तर दादा स्वतः जाऊन बॉल उचलून आणतात. दहापैकी आठ-नऊ वेळा माणसानेच उचलायचा, एखाद-दोनदाच तिला पाठवायचं, तेही बॉल पडून पूर्ण थांबल्यावर. लोकांना हे बघून वाटतं कुत्रीवर अन्याय चाललाय. पण तिला कळतं की हलणारी वस्तू आपल्यासाठी नसते, नाव घेतल्यावरची वस्तू आपली असते. उठलेल्या पक्ष्यासमोर बसणं ही याचीच पुढची पायरी.

मोज्यांचा प्रश्न मुलाने सोडवला, आणि मोठ्यांपेक्षा चांगला सोडवला. मी त्याला सांगितलं की तिने काही उचललं की तू उलट्या दिशेला पळ, खाली बस, आणि आली की वस्तू घेऊ नको, आधी छातीवर खाजव. अरुंद बोळात, घराच्या आणि कुंपणाच्या मधल्या वाटेत, त्याने अर्ध्या पौंडाचा छोटा डमी (पक्ष्याऐवजी सरावाला वापरायची गुंडाळी) टाकायचा, म्हणजे तिला परत यायला एकच रस्ता, आणि तो त्या रस्त्यावर गुडघ्यावर बसलेला. तिने आणलेला डमी तो बराच वेळ तिच्याच तोंडात राहू द्यायचा. हिसकावून घेतलं की कुत्री दातांनी घट्ट धरायला शिकते, आणि पक्षी चुरगाळणारं कठीण तोंड एकदा लागलं की ते सुटणं फार अवघड. दिवसाला दोन-तीनच. डिसेंबरपर्यंत ती शेपटीचा बुडखा हलवत थेट त्याच्या हातात डमी द्यायला लागली. दादांना द्यायला आणखी महिना लागला.

बंदुकीच्या आवाजाचा भाग मी स्वतः सांभाळला, कारण इथे घाई केली तर कुत्री आयुष्यभराची वाया जाते. पुष्कळ लोक पिल्लू सरळ शूटला घेऊन जातात, सवय होईल म्हणून, किंवा ५ नोव्हेंबरला बॉनफायर नाइटच्या फटाक्यांत बाहेर काढतात. आमच्याकडच्या घरांत त्याच सुमारास दिवाळीही असते, फुलबाज्या, सगळं. मिरीला त्या दिवसांत घरातच पडदे ओढून, रेडिओ लावून, चघळायला देऊन ठेवलं. मग हिवाळ्यात सुरुवात, शेताच्या पलीकडच्या टोकाला, शंभरेक यार्डांवर कोणीतरी ब्लँकचं, नुसता आवाज करणारं पिस्तूल फोडतंय आणि इकडे त्याच क्षणी डमी पडतोय किंवा जेवण येतंय. तिचे कान उभे राहिले आणि लगेच दादांकडे बघितलं, म्हणजे आता काय? हेच हवं होतं. मग आठवड्या-आठवड्याने थोडं जवळ. ती कधी दचकली असती तर आम्ही परत दुप्पट लांब गेलो असतो, तशी वेळ आली नाही.

जानेवारीत ती पहिल्यांदा माजावर आली, आणि तीनेक आठवडे सगळं बंद. त्यानंतरही महिनाभर ती थोडी सैरभैर होती, ओळखीच्या कचऱ्याच्या डब्यावर भुंकायची, शिकलेलं विसरल्यासारखं करायची. दादा खचले. याला काहीही करायचं नसतं, सोप्या गोष्टी करत राहायच्या आणि थांबायचं, एवढंच मी सांगितलं आणि ते थांबले, याचं श्रेय त्यांना.

एक वर्षाची झाल्यावर खरी गंमत सुरू झाली, शोधायची. मला या भागाबद्दल लिहायला सगळ्यात आवडतं. गुडघाभर गवताचा पट्टा घ्यायचा आणि वारा समोरून येईल असं उभं राहायचं, हे पहिलं, कारण समोरच्या वाऱ्यात कुत्री आपोआप आडवी फिरते, दर फेरीत नव्या पट्ट्यातला वास तिच्या नाकाला लागतो. दादा स्वतः डावीकडून उजवीकडे तिरके चालायचे, ती पट्ट्याच्या टोकाला पोचली की दोन तोकड्या फुंका आणि ते उलटे वळायचे, तीही वळायची, आणि अधूनमधून वळल्याबरोबर तिला गवतात आधीच लपवलेला टेनिस बॉल सापडायचा. तिला वाटायला लागलं की दादांच्या पायापाशी सगळा माल असतो. त्यामुळे ती वीस यार्डांच्या पलीकडे जाईनाशी झाली, ओरडून नाही, आमिषाने. मागून वारा असेल तर चित्र वेगळं, कुत्री सरळ पुढे जाते आणि मग आपल्याकडे वास घेत येते. नवशिक्या माणसाला वाटतं ही पळाली आणि तो शिट्टी मारून तिचं बरोबर चाललेलं काम बिघडवतो. दादांना हे समजावायला मी त्यांना हातात मूठभर सुकं गवत घेऊन उडवायला लावायचे, प्रत्येक वेळी, आधी वारा बघा मग कुत्री सोडा.

जुलैत गवताच्या कुसळांचा त्रास असतो, कानात आणि बोटांच्या मधे घुसतात, रोज कान उलटे करून बघायचे. लांब कानाच्या कुत्र्यांना हे चुकत नाही. मिरीच्या एका पंजात गेलंच, व्हेटकडे जाऊन काढावं लागलं.

मग ससे. इथे काही ट्रेनरकडे रॅबिट पेन असतं, मोठं कुंपण घातलेलं रान, आत मोकळे ससे. मिरीला तिथे उन्हाळ्यात मोजक्याच वेळा नेलं. पहिला ससा तिच्या नाकासमोरून सुटला आणि दादांनी लांब फुंक मारली, ती दोन ढांगा पळाली आणि बसली. थरथरत होती पण बसली. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या सशापासून फुंकेशिवाय बसायला लागली, ससा उठणं हीच आता बसायची खूण. वहिनी कुंपणाबाहेर उभ्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याचं मुळीच नवल वाटलं नाही. काही महिन्यांपूर्वी याच कुत्रीला परत द्यायचं घरात बोलणं झालं होतं.

इथे थोडं आडवळण घेते, कारण तिकडचे वाचणारे विचारतील. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे, त्यामुळे गनडॉग म्हणून हे काम तिकडे नाही. पण फ्लॅटमधल्या कॉकरचं नाक आणि डोकं तेच आहे. दिवसभर सोफ्यावर बसून तो चिडका होतो, भुंकतो, पाय चावतो, आणि मग जात वाईट ठरते. त्याला पक्षी नकोत. गच्चीवर कुंड्यांच्या मागे लपवलेला बॉल शोधणं, "थांब" म्हटल्यावर थांबून मगच आणायला जाणं, अर्धं जेवण वासाने शोधून खाणं, यावर तो सुखात राहतो. इथले पोलीस स्फोटकं आणि अमली पदार्थ शोधायला याच स्प्रिंगर आणि कॉकर वापरतात, आणि ती सगळी ट्रेनिंग शेवटी एका लपवलेल्या बॉलवरच उभी असते.

मिरी दीड वर्षाची झाली आणि पुढचा ऑक्टोबर आला. दादा ज्या छोट्या सिंडिकेट शूटला (काही जणांनी मिळून चालवलेल्या) हाकाऱ्याला जातात तिथे तिला पहिल्या दिवशी नेलं नाही, सीझनच्या सुरुवातीला पक्षी फार असतात आणि हाकारेही तापलेले असतात. नोव्हेंबरच्या शेवटी एका हलक्या दिवशी नेलं, तेही फक्त दुपारपर्यंत, आणि पहिल्या ड्राइव्हला, म्हणजे हाकाऱ्याच्या पहिल्या फेरीला, दोरीवरच. दुसऱ्या ड्राइव्हला ब्रॅम्बलच्या एका छोट्या पट्ट्यात सोडली. ती जाळीत शिरली, बुडखा जोरजोरात फिरायला लागला, आणि एकदम कोंबडा उठला, तोच तो खडखडाट. ती बसली. दादांनी शिट्टी तोंडात धरलेली होती पण वाजवली नाही. ओळीत दुसऱ्या टोकाला ते म्हातारे कीपर होते, त्यांनी फक्त टोपीला हात लावला. त्या दिवशी एवढंच काम घेतलं आणि तिला गाडीत ठेवली, आणखी एक पक्षी म्हणून दादांचा जीव कितीही तळमळला तरी.

सीझनभरात ती अशीच अर्धे-अर्धे दिवस गेली. एकदा पाठलाग झाला, जानेवारीत, पंखाला छर्रे लागलेला कोंबडा समोरून पळत गेला तेव्हा. पळणारा पक्षी हा उडणाऱ्यापेक्षा मोठा मोह असतो आणि त्याची तयारी झालेली नव्हती. दुसऱ्या आठवड्यापासून परत दोरी, परत गवतावर ओढलेला सशाच्या कातड्याचा डमी, परत माणसाने स्वतः उचलणं. मेंढ्यांचं म्हणाल तर लाँग मिंडवर ती मेंढरांच्या बाजूने चालते आणि नजर दादांवर, कारण त्या सगळ्या महिन्यांत आम्ही कुंपणाबाहेर बसून मेंढ्या बघत बघत तिला भरवलं होतं.

सुटलेलं नाही असं एक आहे. मिरी थांबून बसली आणि दुसऱ्या कुत्र्याला पाठवलं की ती कुंईकुंई करते. बारीक आवाज, पण आहे. फील्ड ट्रायलमध्ये आवाज करणारी कुत्री तिथल्या तिथे बाद होते, म्हणून दादांच्या मनात ट्रायलचं जे होतं ते मी स्पष्ट सांगून सोडवलं. यातला काही भाग रक्तातला असणार, तिची आईही गाडीत कुंईकुंई करते असं नंतर कळलं, आणि काही भाग बॉलच्या त्या महिन्यांचा. तो कमी होईल, जाणार नाही असं मला वाटतं. हाकाऱ्याच्या ओळीत त्याने कोणाचं काही बिघडत नाही, तिथे ती कायम कामात असते, बसून दुसऱ्याचं बघायची वेळ फार येत नाही.

येत्या सीझनला दादा विचारत होते की मिरीला माझ्या कॉकरबरोबर पिकिंग-अपला आणू का. मी नाही म्हटलं. तिथे तासन्‌तास बसून शंभर पक्षी पडताना नुसतं बघावं लागतं आणि तिचं हे कुंईकुंई नेमकं तिथेच वाढेल. आणखी एक वर्ष ओळीतच, हळूहळू पूर्ण दिवस, आणि सीझनच्या अधल्यामधल्या आठवड्यांत रिकाम्या शेतात शेजारी बसून माझ्या कॉकरला डमी आणताना बघायचं, गप्प राहिली तेवढ्या वेळा घास. दादा म्हणाले, "म्हणजे परत वाडग्यातलं जेवण हातातून?" मी म्हटलं हो, अर्धं.